रिक्षाचे तीनशे रुपये

"मावशी, सलाम.

आम्ही मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले, आता १२ वर्षं पिंपरीत आहोत. मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. महिन्याला १४,००० रुपये मिळतात. यजमानांचं कंपनीतलं कंत्राटी काम सुटून आठ महिने झाले. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाला दानाची नावं माइकवरून वाचतात. यंदा माझ्या जाऊबाईंचे ११,००० रुपये वाचले, टाळ्या झाल्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि म्हणाले होते, तुमचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, पुरा जात नाही, म्हणून यजमानांच्या नोकरीचा आशीर्वाद अडलाय. मी बचत गटातून ५,००० रुपये उचलले आणि सणाला दिले. यजमानांना सांगितलं नाही. त्या महिन्यात सासूबाईंच्या गोळ्या १५ दिवस चुकल्या. नोकरी अजून नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या शेजारच्या काकूंचं डायलिसिस चालू आहे. योजनेत ते फुकट होतं, पण जायला-यायला रिक्षा लागते. मी त्यांना आठवड्याला ३०० रुपये देते आणि सुट्टीच्या दिवशी सोबत जाते. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत, हरिपाठाला बसणाऱ्या आहेत. हे पैसे देवाला दिलेले धरायचे का? की देवाच्या वाट्याचे चोरून मी त्यांना देतेय?

आणि मला मोठी प्रार्थना जमत नाही. जाऊबाई उभ्या राहून दहा-दहा मिनिटं प्रार्थना करतात. मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात दोन शब्द बोलते. ते तरी पोहोचतात का?"

बाळ, सलाम.

आधी सासूबाईंच्या गोळ्या. हे पत्र वाचून झालं की पहिलं काम ते. बीपीच्या गोळ्यांत खंड पडणं धोक्याचं असतं, हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू ती ओळ लिहिलीस. जवळच्या जनऔषधी दुकानात चिठ्ठी दाखव, तिथे तीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. महापालिकेच्या दवाखान्यातही विचारून बघ. पुढच्या पगारातून त्यांची महिन्याची औषधं आधी बाजूला निघू देत आणि मग बाकीचं सगळं, दानसुद्धा मग.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढ. प्रभू येशूच्या काळात एक पळवाट होती. आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला अर्पण केलेलं आहे, असं एकदा म्हटलं की मुलगा मोकळा. आईबाप उपाशी राहिले तरी धर्माच्या दृष्टीने तो निर्दोष ठरे. येशूने हे ऐकून घेतलं नाही. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता, असं त्याने तोंडावर सांगितलं. तुझ्या हातून जे झालं ते भीतीपोटी झालं, लबाडीने नाही. त्यामुळे ही पळवाट काढणाऱ्या शास्त्री-परूश्यांच्या, म्हणजे तेव्हाच्या धर्मपंडितांच्या, रांगेत मी तुला बसवणार नाही. पण सासूबाईंच्या गोळ्या थांबवून दिलेले ५,००० देवाने मागितले नव्हते, एवढं मात्र मनात पक्कं कर. कर्ज काढून दान द्यायचं नसतं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागितली, तेव्हाही हेच लिहिलं की मनात उत्सुकता असली की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय, बारावं वचन. ते वचन सणाच्या दिवशी माइकवरून वाचलं जावं अशी माझी फार इच्छा आहे.

आता काकू. खरं तर तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच, आणि तूच ती "दुसरी गोष्ट" म्हणून खाली टाकलीस.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, दहावा अध्याय. कैसरीया नावाच्या बंदरात कर्नेल्य नावाचा एक रोमी शताधिपती होता. म्हणजे परक्या सरकारचा फौजी अधिकारी. यहुदी नव्हता, ख्रिस्ती तर नव्हताच. पण त्याच्याविषयी या पुस्तकाचा लेखक लूक दोन गोष्टी नोंदवतो. तो लोकांना पुष्कळ दानधर्म करी आणि देवाची नित्य प्रार्थना करी. आता हे "लोक" कोण? यहुदी. ज्यांच्यावर त्याचं सरकार राज्य करत होतं, जे त्याच्या घरात पाऊल ठेवणंही निषिद्ध मानत, त्या लोकांना तो देत होता. दुपारी तीनच्या सुमाराला, प्रार्थनेच्या वेळी, देवदूत त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म ही देवासमोर स्मरणार्थ वर गेली आहेत.

दोन्ही एकत्र वर गेली, हे बघ. प्रार्थना पुढे आणि दान मागे, किंवा दानाचं तिकीट काढलं म्हणून प्रार्थनेला आत सोडलं, असं तिथे काहीच नाही. आणि "स्मरणार्थ" या शब्दात एक गंमत आहे, जी पोळ्या लाटणाऱ्या बाईला सांगायलाच हवी. लूकने ग्रीकमध्ये जो शब्द वापरला, तोच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तिथे ज्याला बैल किंवा मेंढरू परवडत नाही असा माणूसही आणू शकेल असं अन्नार्पण आहे. सपीठ, त्यावर तेल, त्यावर धूप. याजक त्यातली मूठभर कणीक उचलून वेदीवर जाळी आणि तिचा सुवास देवाकडे जाई. त्या मुठीला स्मरणाचा भाग म्हणत. कर्नेल्याचं दान त्या मुठीसारखं वर गेलं, असं लूकला म्हणायचंय. तुझ्या हाताला कणीक रोज लागलेली असते. ती मूठ तुला माझ्यापेक्षा चांगली कळेल.

आणि पुढे काय झालं तेही वाच. येशूचा शिष्य पेत्र यापो गावाहून कर्नेल्याच्या घरी गेला. तिथे तो उपदेश करू लागला तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे की देव पक्षपाती नाही, हे मला खरोखर कळलं. शिकवायला गेलेला प्रेषित त्या घरी स्वतः शिकला. दान देऊन कर्नेल्याने तारण विकत घेतलं, असंही समजू नकोस. त्याला येशूची ओळख व्हायची होतीच, त्यासाठीच पेत्राला पाठवलं. पण त्याआधी, तो मंडळीच्या यादीत नसताना, त्याचं देणं देवाने पाहिलं होतं.

म्हणून काकूंच्या हरिपाठाने तुझे ३०० रुपये कमी होत नाहीत. भल्या शोमरोन्याच्या, म्हणजे जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूच्या, गोष्टीत त्या जखमी माणसाला कुणी मंडळीचं नाव विचारलं नाही. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांची ओळखच ही होती. रोममध्ये साधारण १५५ साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने त्यांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन करून ठेवलंय. ज्यांची ऐपत आहे आणि इच्छा आहे ते आपल्या मनाप्रमाणे देतात, जमलेलं अध्यक्षाजवळ ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे पाहुणे यांची काळजी घेतो. जमा रकमेच्या शेवटी तिथे इमारत किंवा साउंड सिस्टीम नाही, माणसं आहेत. पुढे दोनशे वर्षांनी जूलियन नावाचा सम्राट आला. त्याला जुना रोमी धर्म पुन्हा उभा करायचा होता आणि ख्रिस्ती लोक त्याच्या डोळ्यांत खुपत होते. ३६२ साली त्याने आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला लिहिलं की हे गालीलकर (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपण मात्र काही करत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शत्रूने लिहून दिलेली ही साक्ष आहे. काकूंच्या रिक्षात बसताना तू त्याच जुन्या रीतीने वागतेस.

शिवाय, हिशेबच करायचा तर करू. आठवड्याला ३००, म्हणजे महिन्याचे सुमारे १,२००. तुझ्या १४,०००चा दशांश होतो १,४००. ज्या बाईचा "दशांश पुरा जात नाही" म्हणून आशीर्वाद अडला, ती गेले कित्येक महिने जवळजवळ दशांशच देत होती, फक्त तो कुठल्या पाकिटात गेला नाही आणि कुठल्या पावतीवर आला नाही. पण मी या गणितावर तुझं समाधान उभं करणार नाही, कारण गणित ५०० रुपयांनी कमी भरलं असतं तरी माझं उत्तर हेच असतं.

त्या उपदेशकांनी मलाखी संदेष्ट्याचं वचन सांगितलं असेल. "सर्व दशांश भांडारात आणा", तिसरा अध्याय, दहावं वचन. ते खरंच आहे. पण त्याच अध्यायाचं पाचवं वचन सहसा कुणी वाचत नाही. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथ यांना नाडणारे आणि परक्याचा हक्क डावलणारे यांच्याविरुद्ध मी स्वतः साक्षीला उभा राहीन. आणि तो भांडारातला दशांश कुणासाठी होता, हे जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय. दर तिसऱ्या वर्षी तो आपापल्या गावात साठवायचा, आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), परदेशी, अनाथ व विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. दशांशात गरिबाचा वाटा होताच. तुझ्यासारखं घर, जिथे एक कमावता हात आठ महिने रिकामा आहे, ते त्या काळी घेणाऱ्यांच्या पंगतीत बसलं असतं.

मी दशांशाच्या विरोधात नाही. मी स्वतः काढते, लग्न झाल्यापासून, आणि मला त्याचा आनंद आहे. पाळक साहेबांचं घर चालायला हवं, देवळाचं विजेचं बिल भरायला हवं, आणि हे सगळं मंडळीनेच करायचं असतं. तूही रविवारच्या थैलीत तुला झेपेल ते टाकत राहा, २० रुपये असोत. माझा विरोध आहे तो भीती घालण्याला. "दे, नाहीतर नोकरी लागणार नाही" ही सुवार्ता नव्हे. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे पुढे करून पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मागितलं, तेव्हा पेत्र इतका संतापला की तुझ्या रुप्याचा तुझ्याबरोबर नाश होवो, असं म्हणाला. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला ४३ वा हाच आहे: गरिबाला देणारा किंवा गरजवंताला उसने देणारा माणूस पापाची शिक्षा माफ करणारं क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो, हे ख्रिस्ती लोकांना शिकवावं. आपल्या मंडळ्या ज्या वंशातल्या, त्या वंशाची सुरुवातच या भांडणातून झालेली आहे.

तू विचारलं नाहीस, पण मनात असणार, म्हणून विधवेच्या दानाबद्दल लिहिते. दानाच्या रविवारी तोच पाठ येतो. मंदिराच्या भांडारासमोर येशू बसला होता. यहुदी परंपरेत नोंद आहे की तिथे कर्ण्यासारख्या तोंडाच्या १३ पेट्या होत्या. नाणी वरून पडली की आवाज व्हायचाच, जितकी जास्त तितका मोठा. तो त्या काळचा माइक. एक दरिद्री विधवा आली आणि तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या. त्या दोन मिळून एक दमडी. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार, आणि अशा ६४ दमड्यांचा एक दीनार. तुझ्या पगाराने पाहिलं तर, सुट्ट्या वगळून, तुझा एक दिवस साधारण ५४० रुपयांचा. त्याचा ६४ वा भाग आठ-साडेआठ रुपये. एवढं त्या बाईने टाकलं आणि येशूने शिष्यांना जवळ बोलावून दाखवलं की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी उरल्यातलं टाकलं आणि हिने आपली सगळी उपजीविका टाकली.

हे सगळ्यांना पाठ असतं. पण मार्कात या गोष्टीच्या लगेच आधीचं वचन, बाराव्या अध्यायातलं चाळिसावं, ते वाच. तिथे येशू शास्त्र्यांविषयी म्हणतो की ते विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्यांना जास्त शिक्षा होईल. आणि विधवेच्या लगेच नंतर तेरावा अध्याय सुरू होतो, त्यात शिष्य मंदिराचे भव्य दगड दाखवतात आणि येशू म्हणतो, यातला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. मधे ती बाई. मला तरुणपणी वाटायचं, येशू तिचं फक्त कौतुक करतोय. आता वाटतं, तिच्याकडे बघताना त्याला वाईटही वाटत असणार. ज्या व्यवस्थेने तिला सांभाळायचं, तिच्याच पेटीत ती आपली शेवटची दमडी टाकत होती. तिचं मन सोन्यासारखं होतं आणि तिच्या भोवतीचे मोठे लोक चुकत होते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. तुझ्या ५,००० रुपयांकडे बघताना मला तसंच वाटलं.

माझे वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात प्रचारक होते. १९७२चा दुष्काळ मला आठवतो, मी शाळेत होते. त्या वर्षी हंगामच नव्हता, तरी वडिलांनी हंगामाचा सण टाळला नाही. दरवर्षी वेदीसमोर बाजरीच्या कणसांची रास, भोपळे, कोंबड्या असत. त्या वर्षी सतरंजी जवळजवळ रिकामी होती. खडी फोडायच्या कामावर जाणारी एक म्हातारी आली आणि तिने पदरातून फडक्यात बांधलेली सुकडी काढून ठेवली, कामावर वाटायचे ती. वडील दानाच्या वहीत नाव आणि रक्कम लिहीत. तिचं नाव त्यांनी लिहिलं आणि रकमेच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. उपासना संपल्यावर ती सुकडी त्यांनी आम्हा पोरांना वाटून टाकली, म्हातारीच्या नातवालाही दिली. ती वही पुढे माझ्याकडे आली. तो रकाना अजून कोरा आहे.

आता प्रार्थनेचं. तू दोन शब्द बोलतेस आणि ते पोहोचतात का विचारतेस. हन्नाची गोष्ट पहिल्या शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात आहे. मूल नाही म्हणून सवत तिला टोचून बोले. (जाऊ आणि सवत वेगळ्या, पण टोचणं सारखंच.) ती मंदिरात जाऊन मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यालेली आहे, आणि त्याने तिला झापलं. बायबलमधल्या अतिशय खऱ्या प्रार्थनांपैकी एक प्रार्थना चालू असताना समोरच्या धर्मगुरूला ती ओळखू आली नाही. हन्ना गप्प बसली नाही. तिने शांतपणे सांगितलं, मी प्यालेली नाही, मी दुःखी आहे, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. मग एलीनेही आपली चूक धरून ठेवली नाही, तिला आशीर्वाद दिला. तुझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांना तुझं मन दिसलं नाही, त्यात नवल नाही.

येशूने स्वतः लांबलचक बोलण्याचं कौतुक कुठे केलेलं मला आठवत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो आधी दानाबद्दल बोलतो, मग प्रार्थनेबद्दल, मग उपवासाबद्दल, आणि तिन्ही ठिकाणी एकच ओळ परत परत येते, की गुप्तपणे पाहणारा तुझा पिता तुला प्रतिफळ देईल. दान देताना डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावावं. तुझ्या दोन खोल्यांच्या घरात सहा वाजता दार लावून बसायला जागा कुठली! पोळपाटासमोर तुझ्या मनाचं दार लागतं, तेवढं पुरे. आणि तिथे तो जी प्रार्थना शिकवतो ती म्हणायला अर्धा मिनिट लागतो. त्यात "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं आहे. "माझी" नाही, "आमची". तू हे म्हणतेस तेव्हा त्या "आम्ही"मध्ये यजमान आहेत, सासूबाई आहेत, काकू आहेत, आणि जाऊबाईही आहेत.

जाऊबाईंबद्दल थोडं कडू बोलणार आहे, रागावू नकोस. परूशी आणि जकातदाराची गोष्ट तुला येते. परूशी उभा राहून म्हणाला, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. जकातदार लांब उभा राहून छाती बडवत म्हणाला, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." ही गोष्ट ऐकताना आपण सगळेच मनात जकातदाराच्या शेजारी जाऊन उभे राहतो. पण तुझ्या पत्रात जाऊबाई तीनदा आल्यात, एकदा ११,००० घेऊन आणि दोनदा त्यांच्या प्रार्थनेसकट... नाही, मी मोजून पाहिलं, दोनदाच आल्यात, पण मला तीनदा वाटलं, इतकं ते टोचलेलं आहे. उद्या काकूंना रिक्षात बसवताना तुझ्या मनात "मी त्या मिरवणाऱ्या जाऊबाईंसारखी नाही" असं आलं, तर गुपचूप दिलेल्या दानालाही तोच वास लागेल. त्यांचे ११,००० खरे असतील, प्रेमाने दिले असतील, नाव वाचायचं कमिटीने ठरवलं असेल. त्यांच्या मनातलं तुला-मला माहीत नाही. वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असं येशूने सांगितलंय. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याशी दोन साधे शब्द बोल, पैशाचा विषय सोडून.

यजमानांना मात्र कर्जाचं आजच सांग. बचत गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येणार, तो लपणार नाही. आणि ज्या माणसाची नोकरी गेलीय त्याला असं नंतर कळलं की "माझ्यासाठी बायकोने कर्ज काढून दान दिलं", तर त्याला फार लागेल. तूच सांगितलंस तर तो कदाचित चिडेल, पण तुम्ही दोघं एका बाजूला राहाल. रिक्षाच्या ३०० रुपयांचंही सांग. डाव्या हाताला कळू नये हे जगासाठी, घरच्या माणसासाठी नाही. घरात ओढ फारच लागली तर दोघांनी मिळून ते ३०० चे १०० करा. काकूंना सांगा, त्या समजून घेतील. सोबत जाणं मात्र सोडू नकोस. चार तास मशीनला लागून पडलेल्या बाईला शेजारी कुणी बसलेलं असणं, ते तुझ्याशिवाय कोण देणार आहे? यापोच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसची गोष्ट आठव. ती वारली तेव्हा विधवा रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. तिच्या देणगीची रक्कम कुठेच लिहिलेली नाही.

पाळक साहेबांशीही बोल. ते आणि बाहेरून आलेले उपदेशक एक नव्हेत, आणि त्यांना हे सगळं माहीत असेलच असं नाही. हन्नासारखं शांतपणे सांग, मला असं सांगितलं गेलं आणि मी असं केलं. जमलं तर एक विनंती कर की पुढच्या सणाला नावं-रकमा वाचण्याऐवजी बंद पाकिटं घ्यावीत. कॅथलिक चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गरिबांच्या घरी मदत घेऊन जातात. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था. त्यांच्या बैठकीत एक थैली फिरते, प्रत्येक जण तिच्यात मूठ घालतो आणि कुणी किती टाकलं, की काहीच टाकलं नाही, हे शेजारच्याला कळत नाही. मिझोराममध्ये १९१० पासून बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथलं केवढं तरी काम उभं राहिलंय. पंच कमिटीत एखादी बाई असेल तर तिच्या कानावर ही मुठीची गोष्ट घाल. आपल्याकडे बाजरीच्या पिठाची मूठ निघू शकते.

यजमानांच्या नोकरीचं मी तुला वचन देऊ शकत नाही. दान दिल्याने लागत नाही तशी नाहीच दिलं म्हणून अडतही नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं की हा प्याला टळू दे, आणि तो टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. त्या दोघांचा दशांश कमी पडला होता, असं कुणी म्हणणार नाही. तरी मागणं सोडू नकोस. रोज माग, पोळ्या लाटताना माग. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आईवडील दुष्काळात गमावले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या प्रार्थना करून उठल्या आणि मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं काम उभं राहिलं. तुझ्याही बाबतीत मागणं आणि हातपाय हलवणं दोन्ही चालू दे. यजमानांना घेऊन मंडळीतल्या कंपनीत असलेल्या दोन-तीन जणांकडे जा. ११,००० दिल्यावर वाजलेल्या टाळ्यांपैकी काही हात नोकरीची चिठ्ठी द्यायच्या कामी यावेत, हे मंडळीकडून मागायचा तुला हक्क आहे.

आणि मला कळव, सासूबाईंच्या गोळ्या आणल्यास का. काकूंचं नावही कळव, छापणार नाही. माझ्या रात्रीच्या प्रार्थनेत त्यांना घ्यायचंय, आणि नुसतं "काकू" म्हणून कसंतरी वाटतं.

तुझी मावशी